दगडी सवत

चादरीची घडी अर्धीच झाली होती. दोन टोकं माझ्या हातात, दोन थोरल्या जाऊबाईंच्या हातात. ताणायची, झटकायची, जवळ यायचं, टोकाला टोक लावायचं, असं आम्हा दोघींचं वर्षानुवर्षांचं काम. आज वहिनी जवळ येता येता मध्येच थांबल्या आणि हातातली टोकं त्यांनी सोडूनच दिली. धुतलेली चादर फरशीवर लोळली.

"अहो वहिनी!"

"सवतीकडे नांदायला बोलावलंय मला," त्या म्हणाल्या. "काल सांगितलं ह्यांनी. जेवताना. मीठ वाढ म्हणावं तसं."

सवत म्हणजे कोण, हे आमच्या घरात लहानथोर सगळ्यांना ठाऊक आहे. रस्ता वळतो तिथे, घड्याळजीच्या दुकानाला पाठ लावून उभी असलेली दुमजली दगडी इमारत. बंधुसभेचं सभाघर. हल्लीच्या मुलांना ती जुनी बँक वाटते. पण ती बांधली गवंडी, सुतार, लोहार, शिंपी अशा हातावर पोट असणाऱ्यांनी. त्या काळी बड्यांच्या बैठकीत ह्यांना कुणी उभं करत नव्हतं, म्हणून ह्यांनी आपली बैठक स्वतःच उभी केली. गवंड्यांनी सुट्टीच्या दिवशी दगड घडवले, सुतारांनी जिना केला, लोहारांनी खिडक्यांचे गज ठोकले. भाऊ, म्हणजे सभासद, आजारी पडला तर बाकीच्यांनी त्याचं घर चालवायचं, भाऊ गेला तर खांदा द्यायचा, असा त्यांचा नेम. खाली जेवणघर, वर बैठकीचं दालन. वर काय चालतं ते बाहेर बोलायचं नाही, आणि बायकांनी जिन्याची पहिली पायरीसुद्धा चढायची नाही.

थोरले दीर, ज्यांना आम्ही सगळे दादा म्हणतो, लग्नाच्या आधीच ह्या सभेत लागले होते. छापखान्यात खिळे जुळवण्याचं त्यांचं काम. दिवसभर शब्दांशी झटापट करून माणूस घरी येई तो तोंडाला कुलूप लावूनच. त्यात वहिनी आल्या बोलक्या घरातून. त्यांच्या माहेरी म्हणे भिंतीसुद्धा मधेमधे बोलत. लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात गुरुवार आला. दादांनी अंघोळ केली, पांढरा सदरा घातला, निळा पट्टा खांद्यावरून घेतला, पट्ट्यावर किल्लीचं चित्र असलेला पितळी बिल्ला लावला, हातात पांढरे हातमोजे चढवले.

"कुठे निघालात?"

"सभेला."

"कधी येणार?"

"संपली की."

"मी त्याच दिवशी ओळखलं," वहिनी नेहमी सांगतात. "ह्या घरात मी पहिली नाही आले. पहिलीचं सगळं आधीच मांडून झालेलं होतं."

सासूबाईंनी त्यात तेल ओतलं. "माझा मुलगा सभेची किल्ली आहे हो," असं त्या आल्यागेल्याला सांगत. आणि ज्याच्याकडे किल्लीचा बिल्ला, त्याच्याच घरी सगळ्या भावांचे हातमोजे धुवायचे, असा सभेचा रिवाज. सासूबाई थकल्यावर ते काम वहिनींच्या गळ्यात पडलं. दर शुक्रवारी सकाळी हातमोज्यांचं गाठोडं. भिजवायचे, चोळायचे, खळ करायची, बोटं एकेक ओढून सरळ करायची, दोरीवर टांगायचे. वाऱ्यावर ते पंजे हलायला लागले की वहिनी मला हाक मारत, "धाकटे, ये लवकर. सवतीचं माहेर आलंय, निरोप देतंय बघ."

हसत, पण धुताना ओठ घट्ट मिटलेले असत. बाकीचे मोजे त्या एकदम पाण्यात टाकायच्या. दादांची जोडी मात्र वेगळी काढून उजेडात धरायच्या, उलटी करायच्या, हुंगायच्या. इतरांच्या मोज्यांना तंबाखूचा वास असे, दादांच्या नसे. इतरांचे तळवे मळकट, दादांचे स्वच्छ. पण उजव्या अंगठ्याच्या टोकाला एक काळा डाग. दर गुरुवारी तिथेच, तेवढाच. लिंबू लावलं, साबण लावला, पुढच्या शुक्रवारी पुन्हा हजर.

एकदा त्यांनी तो अंगठा दादांच्या वर्तमानपत्रावर नेऊन ठेवला. "हे काय?"

"लागलं असेल काही."

"काही म्हणजे काय? सभेत कुणाचे डोळे पुसता की काय? काजळ आहे हे."

दादा म्हणाले, "हूं."

ह्या हूंवर वहिनींनी पुढची कित्येक वर्षं काढली. हो म्हटलं असतं तर भांडता आलं असतं, नाही म्हटलं असतं तर विश्वास ठेवता आला असता. हूंचं काय करायचं माणसानं?

मग सगळा राग त्या इमारतीवर निघे. बाजारात जाताना त्या सभाघर आलं की रस्ता ओलांडून पलीकडून चालायच्या. तिची सावलीसुद्धा अंगावर नको. एका वर्षी छपराखालची नक्षी कोसळली, तर पिशवी खाली ठेवून निवांत बघत उभ्या राहिल्या. "दात पडले बाईचे." पुढे भावांनी खिडक्यांना नवा रंग दिला, तेव्हा, "ह्या वयात नटते भवानी!" दादा गुरुवारी बुटांना पॉलिश करायचे ते स्वतःच्या हातानं, जीव लावून. वहिनी स्वयंपाकघरातून ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायच्या, "माझ्यासाठी कुणी कधी साधी वहाण पुसली नाही."

वर्षातून एकदा भावांच्या बायकांना खालच्या जेवणघरात चहा असे. मीही एकदोनदा गेले. प्रत्येकीची फुशारकी वेगळी. पाववाल्याची बायको म्हणे, आमचे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसतात. चष्मेवाल्याची म्हणे, आमच्यांना विचारल्याशिवाय अध्यक्ष घसा खाकरत नाहीत. वहिनी कप खाली ठेवून शांतपणे म्हणायच्या, "आमच्यांच्या शिवाय बैठक सुरूच होत नाही." त्यावर सगळ्या वर छताकडे बघत. त्या छताच्या वर आपले नवरे काय करत असतील, हे एकीलाही ठाऊक नव्हतं, आणि प्रत्येकीला दुसरीपेक्षा जास्त ठाऊक होतं.

खरं सांगायचं तर मला वहिनींचाच हेवा वाटतो. आमचे हे संध्याकाळी खुर्चीत बसतात ते जेवायलाच उठतात. डोळा ठेवावा असं त्यांच्यात देवानं काही ठेवलेलंच नाही. वहिनींच्या मनात निदान काहीतरी पेटलेलं असे. भांडी घासताना त्यांचे हात बघावेत, कढईचीसुद्धा चूक वाटायला लागते.

ह्या सगळ्यात वहिनींकडे एकच ठेव होती. थोरला पुतण्या लहान असताना एका गुरुवारी त्याचा ताप डोक्यात गेला, हातपाय ताठ झाले. आमचे हे धावत सभाघराकडे गेले. वैद्याला बोलावणं धाडून मी दारात येते तो दादा घरात शिरलेलेसुद्धा. पट्टा खांद्यावरच, मोजे हातातच. आमचे हे मागून धापा टाकत आले. मुलगा वाचला, देवाची कृपा. तेव्हापासून वहिनी कुणालाही सांगायच्या, "काही झालं तरी त्या दिवशी आतून उठून आले हो. बैठक चालू असताना. तिला तशीच सोडून." एवढं एक वाक्य त्यांना पुरत होतं.

आता सभेत मूठभर म्हातारे उरलेत. जिना चढवत नाही, कौलं गळतात. त्यांनी इमारत गावाच्या वाचनालयाला देऊन टाकली. वाचनालयाचं म्हणणं, मागच्या दोन खोल्यांत इमारतीची माहिती असलेलं कुणीतरी राहायला हवं, येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायला, राखायला. भावांनी दादांचं नाव सुचवलं. शनिवारी हो की नाही ते कळवायचं. नाही म्हटलं तर किल्ल्या कुणा परक्याकडे जाणार.

"मग दादा काय म्हणतात?" मी चादर उचलत विचारलं.

"काय म्हणणार? तू म्हणशील तसं. आणि जेवून उठले. ताटात भात तसाच." वहिनी खिडकीतून बघत राहिल्या. "मी नाही म्हटलं तर एक शब्द बोलायचे नाहीत. आधीच बोलतात किती! आणि हो म्हटलं, तर आयुष्यभर जिच्या नावानं तळतळाट केला तिच्याच घरी चूल मांडायची. तू असतीस तर काय केलं असतंस?"

मला काय सुचणार? माझ्या मनात वेगळंच आलं होतं. वहिनी ह्या घरातून गेल्या तर चादरीची ती दोन टोकं कोण धरणार? पण ते ओठांवर आणलं नाही. म्हटलं, "आधी घर तरी बघा."

"बरोबर. सवतीचं घर पाहिल्याशिवाय मी पाऊल टाकायची नाही. चल."

"चादर?"

"पडू दे."

दादा सभाघरातच होते, खालच्या जेवणघरात खुर्च्या पुसत. आम्हा दोघींना दारात बघून त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. वहिनींनी दारातच सांगितलं, "वरचं दालन दाखवा."

दादा क्षणभर जिन्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "या."

जिना रुंद, कठड्याला हात घासून घासून आलेली चकाकी. वहिनींनी पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि उगाच दोनदा दाबून पाहिला, फळकुट तकलादू निघालं तर बरं अशा आशेनं. वर आलं की आधी एक अरुंद खोली. एक खिडकी, एक स्टूल, आणि समोर पुरुषभर उंच जाड दार. दाराला बाहेरून मोठा अडसर, डोळ्याच्या उंचीवर एक वाटोळं भोक, त्यावर पितळी झाकण.

दार उघडून आत गेलो आणि मी मनात देवाचं नाव घेतलं. छत निळं, त्यावर सोनेरी तारे, एका टोकाला सूर्य, दुसऱ्याला चंद्र. खाली काळ्यापांढऱ्या फरशांचा पट. तिन्ही भिंतींना लागून उंच पाठीच्या खुर्च्या, प्रत्येकीच्या पाठीवर त्या त्या भावाच्या धंद्याचं हत्यार कोरलेलं. कुठे गवंड्याची करणी, कुठे कात्री, कुठे ऐरण. हे सगळं शिकलेल्या कारागिराला बोलावून नाही, आपापल्या हातांनी केलेलं. इतकी देखणी सवत वहिनींनी मनातसुद्धा धरली नसावी. तोंड उतरलं त्यांचं.

मग त्या एकेका खुर्चीवरून बोट फिरवत निघाल्या. "ह्यातली तुमची कुठली? छापखान्याचा खिळा कुठे दिसत नाही."

दादांनी खांद्यावरचं फडकं हातात घेतलं.

"विचारतेय मी. अध्यक्षांच्या कुठल्या हाताला?"

"माझी आत नाही."

"म्हणजे?"

दादांनी बाहेरच्या खोलीकडे मान केली. "ते स्टूल. किल्लीवाला बाहेर बसतो. सगळे आत गेले की दार लावायचं, अडसर घालायचा. कुणी आलं तर भोकातून आत सांगायचं. बैठक संपली की उघडायचं."

"आणि आत काय चालतं?"

"मला काय माहीत? आत घेताना एकदा बसलो, तेवढंच. मग बिल्ला आला."

वहिनी पुन्हा त्या अरुंद खोलीत गेल्या. मीही गेले. त्यांनी भोकावरचं पितळी झाकण अंगठ्यानं सरकवलं, आणि अंगठा उजेडात धरला. टोकाला काळा डाग.

"काजळ," त्या म्हणाल्या.

मला हसू फुटलं. त्यांना फुटलं नाही. "अगं हसतेस काय? जिच्यासाठी मी झुरले, तिनं ह्यांना उंबऱ्याच्या आतसुद्धा घेतलं नाही! नि मी चहाला बसून काय काय बोलले त्या पाववाल्याच्या बायकोला." मग दादांकडे वळून, "घरी नव्हतं का स्टूल? माझ्याजवळ पाच मिनिटं बसवत नव्हतं, आणि बंद दाराजवळ बरं बसवत होतं. काय मिळत होतं इथे?"

दादांना खोटं बोलता येत असतं तर तेव्हाच बोलले असते. "इथे मला कुणी काही विचारत नव्हतं," ते म्हणाले.

वहिनींचा चेहरा असा झाला, की मी जिन्याकडे बघायला लागले. आतापर्यंत सगळा जळफळाट इमारतीवर होता. आता तो हातभर उंचीच्या एका स्टुलावर येऊन बसला.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "तुम्ही आत जा."

"कशाला?"

"जा म्हणते ना. मला बघू दे बाहेर बसून काय सुख आहे ते."

दादा आत गेले. वहिनींनी दार ओढलं, दोन्ही हातांनी अडसर घातला आणि स्टुलावर बसल्या. मी जिन्याच्या वरच्या पायरीवर. खिडकीतून रस्त्याचा आवाज येत होता, तोही दूर कुठला तरी वाटत होता. वहिनींनी गुडघ्यांवर हात ठेवले. बऱ्याच वेळानं दारावर आतून टकटक झाली.

"कोण आहे?" वहिनींनी जागचं न हलता विचारलं.

"मी."

"मी कोण?"

"अगं मी!"

"असे मी खूप असतात. काय पाहिजे?"

"उघड ना. आत कोंदट आहे."

वहिनी उठल्या, झाकण सरकवलं. भोकातून दादांचा एक डोळा दिसला. "इथे आता किल्ली माझ्याकडे आहे," वहिनी म्हणाल्या. "विचारेन त्याचं उत्तर द्यायचं. हूं चालणार नाही. मुलाचा ताप चढला त्या गुरुवारी तुम्ही आतून उठून आलात असं मी जगभर सांगत फिरले. तुम्ही आत नव्हतातच. इथून उठलात आणि आलात. त्यात सोडून येण्यासारखं होतं काय?"

डोळा भोकावरून गेला. मग नुसता आवाज आला. "अडसर."

"काय अडसर?"

"अडसर काढायचा राहिला. आमच्या धाकट्याची हाक ऐकली आणि पळालो. सगळे भाऊ आत कोंडले गेले."

"सगळे?"

"अध्यक्षांसकट. मुलाचा ताप उतरल्यावर आठवलं मला. येऊन दार उघडलं तर पाववाला खिडकीच्या गजांतून रस्त्यावरच्या माणसाला हाका मारत होता."

मी तोंडावर हात दाबला. वहिनींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी कान भोकाला लावला होता. "मग काय झालं?"

"व्हायचं काय? किल्लीवाल्यानं दार सोडणं हा सभेत सगळ्यांत मोठा गुन्हा. वर्षभर बिल्ला काढून घेतला, मोजे धुवायचं तेवढं आपल्याकडेच ठेवलं. मी बिनबिल्ल्याचा, जिन्याखाली उभा."

"त्या वर्षी बिल्ला दिसत नव्हता," वहिनी हळूच म्हणाल्या. "मी विचारलं तर म्हणालात, उजळायला दिलाय."

"हं."

"तेव्हा का नाही सांगितलं?"

"आई सगळ्यांना सांगत फिरत होती, मुलगा सभेची किल्ली आहे म्हणून. आणि तूही चहाला…" दादा थांबले. "आता उघड."

वहिनींनी लगेच उघडलं नाही. दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या, आणि माझ्याकडे बघून त्यांनी अशी काही मान उडवली, की नव्या नवरीनंही उडवली नसेल. "ऐकलंस? सगळ्या भावांना कोंडून आले होते. माझ्यासाठी. त्या पाववाल्याच्या बायकोला सांगायला पाहिजे, तिचा कुठल्या हाताला बसला होता ते!"

मग अडसर काढला. दादा बाहेर आले ते घाम पुसत. वहिनींनी मागच्या खोल्या दाखवायला सांगितल्या. एक स्वयंपाकाची, एक निजायची, अंगणात दोरी बांधायला दोन खांब. वहिनींनी खांब हलवून पाहिले आणि म्हणाल्या, "शनिवारी हो म्हणून सांगा. पण माझं एक आहे. हे स्टूल इथून हलणार नाही, आणि दुसरं एक त्याच्या शेजारी लागेल. संध्याकाळी तुम्ही बसणार असाल तर मीही बसेन. मी काही विचारणार नाही." थोडं थांबून, "रोज नाही विचारणार."

दादा म्हणाले, "हूं." पण हा हूं वेगळा होता. मी इतकी वर्षं त्या घरात आहे, मला कळतं.

निघताना वहिनींनी विती टाकून त्या स्टुलाची उंची मोजली आणि वाटभर तोंडातल्या तोंडात घोकत आल्या. सभाघराच्या सावलीतून आल्या, पलीकडून नाही. मी मागून चालत होते. वर ताऱ्यांचं छत, मागे दोन खोल्या, शेजारी नवरा, आणि एवढं सगळं ज्या बाईला मिळालं ती माझी चादर मध्येच टाकून गेलेली. देवा, मन शांत ठेव, असं म्हणतच घरी आले. चादरीवर मधल्या वेळात मांजर झोपून गेलं होतं. ती पुन्हा भिजत घातली.

रात्रीची प्रार्थना झाल्यावर वहिनी दारात आल्या. "धाकटे, गुरुवारी संध्याकाळी तू तिकडे येत जा हो. तिसऱ्या स्टुलाचं नंतर बघू." मी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. हूं म्हटलं.

उद्या सकाळी वहिनींबरोबर सुताराकडे जायचं आहे. स्टूल सांगायचं. दादांचं दोन विती आणि चार बोटं उंच आहे. वहिनींना स्वतःचं मात्र दोन विती आणि पाच बोटं हवंय.